आमच्या भासऱ्यांचं पाणी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ मला आजवर कळलं नाही, आणि अक्षर असं की किराणावाला माझी यादी मलाच वाचून दाखवायला लावतो. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही अमरावतीकडच्या एका खेड्यात. पुढे लग्न होऊन रायपूरला आले तर इथे सगळा कारभार हिंदीत, त्यामुळे जे येत होतं तेही गंजलं. कोणी हे वाचलंच तर सांभाळून घ्यावं. पण लिहिते आहे ते खरं आहे, आणि ते असं की या जगात लोक मासे पाळतात म्हणून त्यांना पाणी तपासावं लागतं. पाणी तपासायला मिळावं म्हणून मासे पाळणारा माणूस एकच, आणि तो आमच्या घरात राहतो. ते म्हणजे आमचे भासरे, माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ.

भासरे एका कारखान्यात बॉयलरच्या पाण्याच्या लॅबमध्ये होते. बॉयलरमध्ये जाणारं पाणी नीट नसलं तर आतल्या नळ्या खराब होतात, म्हणून प्रत्येक पाळीत ते तपासायचं, एवढं एकच काम त्यांनी नोकरीभर केलं. रिटायर झाले तेव्हा साहेबांनी विचारलं, काय देऊ, घड्याळ की शाल? भासऱ्यांनी ब्युरेट मागितली. ब्युरेट म्हणजे काचेची लांब नळी, अंगावर बारीक रेघा आणि खाली तोटी. शाल मिळालीच, वर ही नळीही मिळाली. ती त्यांनी शालीत गुंडाळली आणि बाळंतिणीनं तान्हं पोर आणावं तशी ऑटोत मांडीवर घेऊन रायपूरशेजारच्या बीरगांवला घरी आणली. मग काही दिवस घरातलं एकही पाणी त्यांच्या हातून सुटलं नाही. बोअरचं, नळाचं, माठातलं, कूलरमधलं, शेजारणीच्या टाकीतलं. पाहुण्यांसाठी तांब्या भरून ठेवला की पाहुण्यांआधी भासरे त्यातलं घेऊन जायचे, आणि पाहुणे बिचारे निकाल लागेपर्यंत तहानलेले बसायचे. सगळं तपासून झालं तसे ते उदास झाले. "रोज तेच पाणी, तोच आकडा," म्हणाले. "ज्या पाण्यात कोणी जगत नाही त्या पाण्यात काय राम हाये?" दुसऱ्या दिवशी काचेची टाकी आणि तीन सोनेरी मासे घेऊन आले.

माशांना लोक काय काय नावं ठेवतात. आमच्या माशांची नावं एक नंबर, दोन नंबर आणि तीन नंबर, कारण कारखान्यात बॉयलर तीन होते. एखादा मासा कोपऱ्यात रुसून बसला तर भासरे घरभर सांगायचे, "तीन नंबर शटडाऊनवर हाये, कोणी काचेवर टकटक करू नका." दाणा टाकायला जाताना म्हणायचे, "कोळसा टाकून येतो." आणि रोज दुपारी जेवणाआधी तपासणी. टाकीतलं पाणी मापानं काचेच्या चंबूत घ्यायचं, त्यात रंगाचे थेंब टाकायचे की ते हळदीसारखं पिवळं होतं. मग नळीतून पातळ केलेलं तेजाब थेंब थेंब सोडायचं आणि चंबू हातात गोल फिरवत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका थेंबाला तो पिवळा रंग दचकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा होतो. तिथेच तोटी बंद. किती तेजाब गेलं ते नळीवरच्या रेघांवर वाचायचं आणि कारखान्याचा भोंगा वाजावा तशा आवाजात आकडा जाहीर करायचा. त्या आकड्याला अल्कलिनिटी म्हणतात. पाण्याला किती आंबट पचवता येतं त्याचं ते माप. ही ताकद संपली की पाणी जरा आंबट झालं तरी फिरतं आणि मासे जिवाला मुकतात.

त्या तेजाबानं भासऱ्यांच्या प्रत्येक बनियानला बारीक भोकं पडलेली आहेत. दोरीवर दहा घरांचे कपडे वाळत असले तरी त्यांचं बनियान मी डोळे झाकून ओळखीन, हात लावला की बोट आरपार जातं. आणि हे माप त्यांनी पाण्यापुरतं ठेवलं असतं तरी ठीक होतं. ते माणसांनाही लावतात. माझे मालक, म्हणजे आमचे हे, रागीट आहेत, उरला भागातल्या कारखान्यातून आले आणि चहाला उशीर झाला की चढलेच. भासरे म्हणतात, "याची अल्कलिनिटी काहीच नाही, दोन थेंबात लाल होते." भासऱ्यांचं लग्न न होण्याचं कारणही हेच. सासूबाई सांगायच्या, गोंदियाकडे मुलगी पाहायला गेले, मुलगी पसंत, बोलणी होत आली. तेवढ्यात भासऱ्यांना प्यायला पाणी दिलं. एक घोट घेतला, जीभ फिरवली आणि म्हणाले, "पोरगी चांगली हाये, पण पाणी लय जड हाये." मुलीचा बाप उठून उभा राहिला. "आमच्या पोरीत खोट काढता?" "पोरीत नाही जी, विहिरीत." "विहीर माह्या बापानं खोदली हाये!" भासरे शांतपणे म्हणाले, "मंग त्यांनी तपासून खोदाले पाहिजे होती." गाडीला वेळ होता तरी सगळे स्टेशनावर येऊन बसले.

आता हे सगळं मला कसं माहीत, कारण भासरे माझ्याशी बोलत नसत आणि मी त्यांच्याशी नाही. आमच्याकडे भावजयीनं भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि बोलायचं नाही, अशी रीत. इकडे छत्तीसगढी लोकांत तर ती आणखी कडक आहे. मी मुळातच लाजरी, मला ती रीत उन्हातल्या सावलीसारखी वाटली. आधी आमचे निरोप सासूबाई न्यायच्या. त्या गेल्यावर माझी मुलगी न्यायची. मुलगी मोठी झाली, नवा रायपुरात नोकरीला लागली, सकाळी बस पकडायला जाते ती संध्याकाळी येते. ह्यांची पाळी असते. दुपारी घरात उरलो भासरे, मी आणि तीन मासे. वरणात मीठ कमी पडलं ते सांगायचं कोणाला? पहिल्या दिवशी भासरे ताटावरून उठून टाकीसमोर उभे राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "एक नंबर, पोट्टीच्या मायले सांगजो, मीठ राहिलं." मी शिलाई मशीनवर बसले होते. पदर ओढला आणि माशाकडे पाहून म्हणाले, "एक नंबर, त्यांना सांगा, मीठ डब्यात हाये, वाढून घ्या म्हणा." तेव्हापासून एक नंबर आमचा पोस्टमन. माशाला मी अहोजाहो करायची, कारण निरोप शेवटी भासऱ्यांना पोहोचायचा. पाण्याची सगळी विद्याही अशीच, माशाला सांगितलेली मी ऐकली. मुलगी एका रविवारी हे पाहून कपाळाला हात लावत म्हणाली, "बड़े पापा, मम्मी सामने ही तो बैठी है, सीधे बोल दो ना!" भासऱ्यांनी टाकीकडे तोंड केलं. "एक नंबर, या पोट्टीले सांग, शिस्त नावाची गोष्ट असते." शेजारीण एकदा खिडकीतून डोकावून गेली आणि नळावर तिनं मला हळूच विचारलं, "दीदी, तोर कुरा ससुर मछरी संग गोठियाथे का?" म्हणजे तुझे भासरे माशांशी बोलतात का. मी म्हटलं, "हव." आणि हंडा उचलला.

मागच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी चढलं, आकडा वाढला. म्हणजे भासऱ्यांनी तसं जाहीर केलं. बोअरचं पाणी उन्हाळ्यात जड होतंच, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. ते उतरवायला त्यांनी फिल्टर प्लांटचे पाण्याचे कॅन सुरू केले. त्या पाण्यात काहीच नसतं, अगदी भोळं पाणी; ते मिसळलं की टाकीतल्या पाण्याची ताकद कमी होते. आम्ही बोअरचं पीत होतो आणि मासे विकतचं. हे जेवताना म्हणाले, "भाऊ, या मासोळ्या आता माह्याहून मोठ्या साहेब झाल्या." पण आकडा काही खाली येईना. भासरे कॅनमागून कॅन ओतत होते, आणि रोज दुपारी तोच भोंगा, "पाणी उतरत नाही." इकडे माशांचं चिन्ह बरं दिसेना. एक नंबर वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहायचा. दोन नंबरनं दाणा सोडला. तीन नंबर तळाशी बसला होता तो एके सकाळी एका अंगावर कलला. भासऱ्यांनीही जेवण कमी केलं. टाकीजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि पुटपुटायचे, "नोकरीभर एक बॉयलर जाऊ देला नाही मी." रिटायर झाल्यावर माणसाकडे फार काही राहत नाही. भासऱ्यांकडे तीन मासे होते आणि आपल्याला पाणी कळतं हा भरवसा होता. मासे गेले असते तर तो भरवसाही गेला असता, हे मला दिसत होतं.

मी साड्यांना फॉल-पिको करते. उन्हाळ्यात आमच्या घराच्या खिडक्या लू लागू नये म्हणून झाकलेल्या असतात, एक तेवढी माझ्या मशीनजवळची उघडी, आणि त्याच उजेडात टेबलावर भासऱ्यांची नळी. माझं काम सगळं रंगाचं. साडीला फॉल जुळला नाही तर गिऱ्हाईक परत येत नाही. एरवी मी कोणाशी वर तोंड करून बोलत नाही, पण पंडरीच्या कापडबाजारात दुकानदारानं हळदीच्या जागी लिंबू रंग पुढे केला की माझा आवाज शेजारच्या दुकानात जातो. तर त्या दुपारी मी मान वर केली आणि चंबूकडे पाहिलं. पिवळा होता. मग संत्र्याच्या सालीचा झाला. मला वाटलं आता तोटी बंद होईल. भासरे थेंब सोडतच राहिले. गाजरी झाला, मग पिकल्या डाळिंबासारखा झाला, तरी ते चंबू खिडकीकडे धरून डोळे बारीक करून पाहत होते, आणि तेजाब पडतच होतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आला वाटते." आणि मोठा आकडा वाचला. दुसऱ्या दिवशीही तसंच. माझ्या हातातली साडी तशीच राहिली. पाणी चढलंच नव्हतं. भासऱ्यांना रंग दिसत नव्हता. ज्या पाण्यात ताकद उरली नव्हती, त्यातली ते कॅन ओतून रोज आणखी काढून घेत होते.

हे सांगायचं कसं? ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी जेवणाच्या ताटावरच विषय काढला, "भाऊ, एकदा डोळे दाखवून घ्या." भासऱ्यांनी घास खाली ठेवला. "काहून? या डोळ्यावर तीन बॉयलर चालत होते!" आणि हात धुवायला उठून गेले. मग मी ठरवलं, एक नंबरला सांगू. दुपारी टाकीसमोर उभी राहिले. मासा वर येऊन धापा टाकत होता. "एक नंबर," म्हटलं, आणि दाण्याची डबी उघडली. नोकरीभर ज्यानं रंग पाहिले त्या माणसाला तुम्हाला रंग दिसत नाही, हे माशाच्या तोंडूनसुद्धा कसं सांगावं? मी दाणा टाकून परत आले. मागे भासरे टेबलाशी बसले होते. चंबूत पिवळं पाणी, वरून थेंब. मी मशीनवर बसले, सुईत दोरा ओवायला घेतला आणि नजर तिकडेच. एक थेंब पडला, चंबू फिरला, पिवळा दचकला. पुढचा थेंब तोटीला लोंबत होता.

"थांबा!"

पंडरीतला आवाज घरात आला. तोटी खाडकन बंद झाली. भासऱ्यांनी माझा इतका मोठा आवाज कधी ऐकलाच नव्हता. मी पदर इतका पुढे ओढला की मला मशीनही दिसेना. मग भासरे हळूच टाकीकडे वळले आणि म्हणाले, "एक नंबर, आज तूच बोलला वाटते." त्यांनी चंबू उचलून धरला. "बोलला तं बोलला. आता हेही सांग, रंग कोणता हाये?"

"संत्र्याच्या सालीचा," मी पदराआडून म्हटलं.

"अन् काल कोणता होता?"

"काल... डाळिंबाचा."

त्यांनी नळीवरचा आकडा वाचला. जाहीर केला नाही. तो इतका लहान होता की त्यांनी दोनदा वाचला, बोट लावून. मग चंबू माझ्या खिडकीत आणून ठेवला, दूर झाले आणि म्हणाले, "पाणी नाही चढलं, एक नंबर. माणूस उतरला." पण बसून राहणं त्यांच्या स्वभावात नाही. तेवढ्यात उठले, कॅन उचलून स्वयंपाकघरात ठेवले, "हे पोट्टीच्या मायले प्यायले," म्हणाले, आणि बोअरचं पाणी आणलं. एकदम ओतलं नाही. लोटा टाकायचे, माशांकडे पाहत बसायचे, बऱ्याच वेळानं दुसरा लोटा. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "काय चाललं भाऊ?" तर म्हणाले, "बॉयलर हळूहळूच तापवा लागते." काही दिवसांनी तीन नंबर सरळ झाला. दोन नंबरनं दाणा धरला. आणि तपासणीची नवी पद्धत पडली. भासरे थेंब सोडायचे, मी मशीनवरून चंबूकडे पाहायची आणि रंग आला की म्हणायची, "झालं." एवढाच शब्द. तोही आम्ही दोघांनी एक नंबरच्या नावावर जमा केला होता.

पुढे भासरे स्वतःच डोळे दाखवून आले. मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, चांगली लेन्स बसवायची तर वरून पैसे लागतील. हे लगेच म्हणाले, मी देतो. भासऱ्यांनी मान हलवली. "मोठा भाऊ देत असते, घेत नसते." पेन्शन थोडी, त्यात त्यांना तेजाब लागतं, रंग लागतो. गोष्ट अडली ती अडलीच. मग एका दुपारी टाकीशी जाऊन म्हणाले, "एक नंबर, तू काही माह्या लहान भाऊ नाही. तुह्याजवळ असन तं उसने दे. पेन्शनीतून वापस करतो." मशीनच्या खणात माझे फॉल-पिकोचे पैसे होते. ते जेवायला बसले तेव्हा मी ब्लाऊजपीसच्या तुकड्यात बांधून टाकीच्या झाकणावर ठेवून आले. हात धुवून आल्यावर त्यांनी पुडी उघडली, पाहिलं आणि म्हणाले, "वा! मासे पैसेवाले निघाले." ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून घरी आले आणि पट्टी निघाल्यावर सगळ्यात आधी स्वतःची बनियानं पाहिली. "एवढे भोकं?" म्हणाले. "कोणी सांगितलं काहून नाही?"

पैसे दर महिन्याला यायचे. पेन्शन झाली की दाण्याच्या डबीखाली नोटा ठेवायचे आणि एक नंबरला सांगायचे, "या महिन्याचे." मी ते नसतील तेव्हा उचलायची. तपासणीही चालू होती, मी "झालं" म्हणायची आणि तोटी बंद व्हायची. एक दिवस मला सुईत दोरा ओवताना उशीर झाला. मान वर केली तर चंबूत बरोबर संत्र्याच्या सालीचा रंग, तोटी केव्हाचीच बंद, आणि भासरे चंबू फिरवत शांत बसलेले, माझी वाट पाहत. त्यांना कधीपासून दिसत होतं कोण जाणे. मी म्हटलं, "झालं." तेव्हा कुठे त्यांनी आकडा वाचला, आणि भोंग्यासारखा जाहीर केला.

काल पेन्शन झाली. भासरे टाकीशी आले, दाण्याची डबी उचलली, नोटा खाली ठेवल्या आणि पुन्हा हातात घेतल्या. मी मशीनवर होते. ते वळून माझ्याजवळ आले आणि नोटा मशीनच्या फळीवर ठेवल्या.

"घे बाई," म्हणाले. "मोजून घे. पूर्ण झाले."

न मोजता घेतले असते तर भासऱ्यांना ते आवडलं नसतं. मापल्याशिवाय त्यांनी कधी काही मानलं नाही. मी मोजले. बरोबर होते. पदर सारखा केला, टाकीकडे न पाहता म्हटलं, "पूर्ण हायेत, भाऊजी." भासऱ्यांनी मान हलवली आणि नळी धुवायला घेतली. एक नंबर मात्र काचेला नाक लावून तसाच उभा होता, नेहमीसारखा, निरोप न्यायला.